शाळा बदलण्याआधी दुसरा शिक्षक मागा

वाचकाचे पत्र : मी गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका लहान गावात राहते. माझी मुलगी गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत आहे. पहिली ते चौथी मिळून शाळेत चौदा मुले आहेत आणि शिक्षिका एकच. बाई मनापासून शिकवतात, पण बैठकीसाठी वाळपईला गेल्या की शाळा बंद असते. गावातील बरीच मुले बालरथात, म्हणजे अनुदानित शाळांना सरकारी योजनेतून मिळालेल्या बसमध्ये, बसून दूरच्या अनुदानित शाळेत जातात. आमची शाळा लवकरच तीन किलोमीटरवरच्या शाळेत विलीन होणार असे कानावर येते. माझा भाऊ म्हापशाला असतो. तो म्हणतो की सरकारी शाळांत आता मजुरांचीच मुले उरली आहेत, तू मुलीचे नुकसान करू नकोस. मी स्वतः याच शाळेत शिकले आहे आणि यंदा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले आहे. मुलीला काढू की ठेवू? आणि ठेवली तर माझ्यासारखीने काय केले म्हणजे शाळा सुधारेल? — सत्तरीतील एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते तुम्ही योग्य क्रमाने विचारले आहेत, म्हणून मीही त्याच क्रमाने उत्तर देते. मुलीला आत्ता काढू नका. मात्र तिला खरोखर वाचता येते की नाही हे येत्या आठवड्यात स्वतः तपासा, जे दिसेल ते बाईंना सांगा, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यावर काय झाले हे पाहून पुढचा निर्णय घ्या. आई म्हणून तुमचे पहिले कर्तव्य मुलीशी आहे, गावच्या शाळेशी नाही, आणि हे मी सरकारी शाळेत आयुष्य घालवलेली शिक्षिका असूनही म्हणते. परंतु मुलीचे भले आणि शाळेचे भले या दोन गोष्टी तुम्हाला वाटतात तितक्या एकमेकींपासून दूर नाहीत.

वाचन तपासण्याविषयी मी इतका आग्रह का धरते, ते सांगायला हवे. मी नोकरीच्या सुरुवातीला सांगे तालुक्यातील डोंगराकडच्या एका शाळेत होते. एकच खोली, चार इयत्ता आणि मी एकटी. तिथे धनगरवाड्यावरून येणारा एक मुलगा होता, शांत आणि कधी न चुकवणारा. कविता तो सर्वांत आधी पाठ म्हणत असे, धडा वाचायला सांगितला तर ओळीखालून बोट फिरवत अडखळल्याशिवाय म्हणून दाखवत असे, आणि मी त्याच्या नावापुढे समाधानाने खूण करत असे. तो चौथीत असताना एकदा मी त्याच्यासमोर त्याने कधी न पाहिलेले गोष्टीचे पुस्तक ठेवले आणि तो गप्प झाला. त्याला अक्षरेही पुरती येत नव्हती. तीन वर्षे तो इतर मुलांचे ऐकून धडे पाठ करत आला होता आणि तीन वर्षे मी त्याला हजर मांडत आले होते. त्या दुपारची आठवण आजही माझ्या मनाला टोचते, कारण त्या मुलाची बुद्धी, हजेरी किंवा घरची गरिबी यांपैकी कशातही दोष नव्हता. त्याला वाचता येते का, हे त्याच्या शेजारी बसून कोणी पाहिलेच नव्हते, आणि ते पाहण्याचे काम माझे होते.

म्हणून तुम्ही मुलीला तिच्या पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला देऊ नका. दुसरीच्या पातळीचा, पण तिने न पाहिलेला मजकूर घ्या. शाळेच्या कपाटात गोष्टींची छोटी पुस्तके असतात, त्यांतले एखादे चालेल. आधी आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. ती जमली नाही तर चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, तोही नाही जमला तर सुटे शब्द, आणि शेवटी अक्षरे. ज्या पायरीवर ती सहज वाचते, ती तिची पायरी. गोष्ट वाचून झाल्यावर तिच्यातले एक-दोन प्रश्न विचारा, म्हणजे नुसता उच्चार आहे की अर्थही पोचतो ते कळेल. गणितासाठी हातचा घेऊन करायची दोन अंकी वजाबाकी पुरेशी आहे. दहा मिनिटांत हे सारे होते. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची जी पाहणी देशभरातील खेड्यांत घरोघरी जाऊन करते, तिची रीतही मुळात एवढीच साधी आहे.

त्या पाहणीचे आकडे तुमच्या पहिल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहेत. २०२४ साली ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीत असलेल्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये, म्हणजे महामारीत शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, हेच प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा झाली हे खरे, आणि ती सरकारी शाळांत झाली हे मला आनंदाचे वाटते. तरीही चारपैकी तीन मुले मागे आहेत. खासगी शाळांचे आकडे याहून बरे असले, तरी तिथेही तिसरीतल्या निम्म्याहून कमी मुलांना हा मजकूर वाचता आला, आणि तिथे मुलांना पाठवणाऱ्या घरांची ऐपत व पालकांचे शिक्षण सरासरीने अधिक असते हे ध्यानात घेतले तर उरलेला फरक आणखी कमी होतो. बस आली, बूट-टाय आला, एवढ्याने वाचन येत नाही. तुम्ही मुलीला बालरथात बसवले आणि तिथल्या चाळीस मुलांच्या वर्गातही तिच्या शेजारी बसून कोणी पाहिले नाही, तर तुमच्या हाती प्रवास तेवढा वाढल्याचे येईल.

मुलीची तपासणी झाल्यावर बाईंकडे जा आणि उरलेल्या तेरा मुलांचीही अशीच तपासणी दोघींनी मिळून करूया, असे सुचवा. इथे शब्द जपून वापरा. एकशिक्षकी शाळेतील शिक्षिका अध्यापनाबरोबर माध्यान्ह आहाराची नोंद, खात्याला भरून द्यायची माहिती, मोबाईलवरचे अर्ज, बैठका आणि निवडणुकीची कामे असे सगळे एकटी ओढत असते, आणि तिच्या दारात येणारा प्रत्येक जण काहीतरी तपासायलाच येतो. तुम्ही मदतीला आला आहात हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळले पाहिजे. दोन दुपारी पुरतील. शेवटी तुमच्या हाती एक कागद येईल, ज्यावर चौदा मुले त्यांच्या इयत्तेप्रमाणे नव्हे तर वाचनाच्या पायरीप्रमाणे लावलेली असतील, आणि मला जवळजवळ खात्री आहे की त्यात चौथीतले एखादे मूल अक्षरांपाशी आणि दुसरीतले एखादे गोष्टीपाशी दिसेल.

हा कागद हाती आला की शाळा लहान असणे अडचण न राहता सोय होऊ शकते. आता बाई चार इयत्तांना आळीपाळीने शिकवतात, म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला त्यांच्या वेळेचा चौथा हिस्सा येतो. त्याऐवजी रोज एक तास मराठीसाठी आणि एक तास गणितासाठी इयत्ता बाजूला ठेवून पायरीप्रमाणे तीन गट केले, तर प्रत्येक गटाला त्याला झेपणारे काम देता येते. या पद्धतीची आपल्या देशात वर्षानुवर्षे काटेकोर परीक्षा झाली आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ज्या कामाचा उल्लेख झाला त्यात मुलाच्या पातळीवरून शिकवण्याचे हे प्रयोगही होते. आणि शेजारच्या कर्नाटकात १९९०च्या दशकात म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे या जंगलपट्टीच्या तालुक्यात ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली. तिथल्या शिक्षकांनी आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांतून प्रेरणा घेऊन धडे छोट्या कार्डांत फोडले, मुले एका पायरीवरून पुढच्या पायरीवर आपापल्या गतीने चढू लागली आणि वेगवेगळ्या इयत्तांची मुले एका खोलीत बसून शिकू लागली. पुढे ही पद्धत राज्यभरच्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीसाठी गेली. सत्तरीची आणि त्या तालुक्याची परिस्थिती फार वेगळी नाही. एका खोलीत चार इयत्ता बसतात म्हणून जे आपण कमीपणाचे मानतो, त्याचाच आधार घेऊन तिथे शिकवण्याची रीत उभी राहिली, आणि आपल्या राज्यातील लहान शाळांच्या शिक्षकांना असे प्रशिक्षण सलग, प्रत्यक्ष वर्गात आणि परक्या शहरातल्या सभागृहाबाहेर मिळावे, ही मागणी तुमच्यासारख्या समित्यांनी लावून धरली पाहिजे.

तरीही एका शिक्षिकेवर हे सारे सोडणे अन्याय आहे, तिच्यावर आणि मुलांवरही. माझ्या उत्तरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी स्पष्ट लिहिले आहे की साठपर्यंत मुले असतील तर शाळेला दोन शिक्षक हवेत. पटसंख्या चौदा असली म्हणून एका शिक्षकावर भागवावे, अशी मुभा त्यात नाही. त्याआधी १९८७ साली ‘खडू-फळा मोहीम’ सुरू झाली तेव्हाही प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरले होते. म्हणजे तुमच्या शाळेला दुसरा शिक्षक देणे हे सरकारने देशाला दिलेले जुने वचन आहे आणि आता तो कायदा आहे. त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. तालुक्यात प्राथमिक शिक्षकांची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, आणि कोणत्या शाळेत पटाच्या मानाने जास्त शिक्षक आहेत, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. शहराजवळच्या शाळेत शिक्षक जास्त आणि डोंगराकडे कमी, असे चित्र निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही, कारण बदलीच्या वेळी म्हापसा, फोंडा, पणजीच्या जवळची जागा सर्वांनाच हवी असते आणि सत्तरी, सांगे, काणकोणची जागा बहुतेकांना तात्पुरती वाटते.

समन्याय, म्हणजे ज्याची गरज जास्त त्याला जास्त देणे, या शब्दाचा अर्थ मला याच ठिकाणी सर्वांत स्पष्ट दिसतो. सगळ्या शाळांना सारखे मोजून दिले की न्याय झाला, असे वरवर वाटते. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून शाळेला जे वार्षिक अनुदान मिळते, ते पाहा. तीसपर्यंत मुले असतील तर वर्षाला १०,००० रुपये, एकतीस ते शंभर मुलांना २५,००० रुपये, आणि पुढे पटाबरोबर वाढत जाते. डोक्यांच्या हिशेबाने हे बरोबर दिसते. पण पावसाआधीची शाकारणी चौदा मुलांच्या शाळेलाही तेवढीच लागते, विजेचे बिल थांबत नाही, आणि जंगलकडेच्या शाळेत छप्पर गळले तर दुरुस्तीला माणूस आणण्याचाच खर्च शहरापेक्षा अधिक होतो. दूरच्या, लहान, गरीब शाळेला प्रत्येक मुलामागे जास्त खर्च येणारच, आणि तो करण्याची तयारी असणे हीच राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेची कसोटी आहे. चिली या देशाने १९८१ पासून प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम शाळेला देण्याची पद्धत घेतली. मूल जिथे जाईल तिथे पैसा जाऊ लागला, ऐपतीच्या घरांची मुले सरकारी शाळांतून निघत गेली, आणि २००८ मध्ये त्यांना कायदा करून गरीब मुलामागे जास्त, आणि अशी मुले जिथे एकवटली आहेत त्या शाळेला त्याहून जास्त रक्कम द्यावी लागली. आपल्याकडे अनुदानित शाळेला बस मिळाली आणि गावची शाळा तिच्या वाटेवर रिकामी होत गेली, तेव्हा साधारण हेच घडले. बालरथाने अनेक मुलांची पायपीट वाचवली, त्याबद्दल मी तक्रार करत नाही. मागे राहिलेल्या शाळेला त्या वेळी दुसरे काय दिले, एवढेच मला विचारायचे आहे.

कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची अपेक्षा ठेवली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला, आणि आपण अजून तिथे पोचलेलो नाही. पैसा कमी पडतो हे निर्विवाद आहे, पण वाढलेला पैसाही जर भिंतींच्या रंगात आणि टॅबमध्ये गेला, तर तुमच्या गावातील अक्षरांपाशी अडलेल्या मुलाला त्याचा उपयोग होणार नाही. संगणक, रोबोटिक्स हे सारे यावे, पण वाचनानंतर.

आता तुमच्या भावाच्या बोलण्याविषयी. त्यांना बहिणीच्या मुलीची काळजी आहे हे मला कळते, आणि म्हापसा, वास्को, फोंड्याच्या अनेक सरकारी शाळांत कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले बहुसंख्येने आहेत, हेही खरे आहे. पण ‘मजुरांचीच मुले उरली’ या वाक्यातला ‘च’ मला फार दुखवतो. ही मुले गोव्यातली घरे, रस्ते, हॉटेले उभारणाऱ्यांची आहेत. घरी कन्नड किंवा भोजपुरी बोलतात, रस्त्यावर हिंदी-कोकणी ऐकतात आणि वर्गात मराठीतून किंवा कोकणीतून धडा शिकतात. बांधकाम संपले की वर्षाच्या मध्येच शाळा बदलतात. अशा मुलांना शिकवणे हे आपल्या राज्यातील सर्वांत अवघड अध्यापन आहे, आणि राज्यातले सर्वांत कुशल शिक्षक तिथे असायला हवेत. ती मुले असल्यामुळे शाळा खालावत नाही. ऐपत असलेले पालक निघून गेले, त्यांच्यामागे प्रश्न विचारणारा आवाज गेला, आणि मग शिक्षकाची जागा सहा महिने रिकामी राहिली तरी कोणाला जाब द्यावा लागला नाही, म्हणून ती खालावते. तुमची मुलगी शाळेत असणे म्हणजे तुमचा आवाज शाळेत असणे, आणि तुमच्या गावातील ज्या घरांना कधीच दुसरा पर्याय नव्हता, त्यांच्या मुलांना त्या आवाजाची गरज तुमच्या मुलीपेक्षा जास्त आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७० टक्के होती. एवढ्या चांगल्या सरासरीखाली एखादा धनगरवाडा किंवा मजुरांची वस्ती सहज झाकली जाते.

शिकवण्याच्या भाषेविषयी, म्हणजे माध्यमाविषयी, तुम्ही काही विचारले नाही, पण बालरथातून जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांच्या मनात तेच असते, म्हणून थोडे लिहिते. गोव्याने १९९० पासून प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमावर आणि त्याला जोडलेल्या अनुदानावर मोठे आणि कडवट वाद पाहिले. त्यात मी मातृभाषेच्या बाजूने उभी होते आणि आजही आहे. परंतु त्या साऱ्या काळात तिसरीतल्या मुलाला कोणत्या तरी एका भाषेत वाचता येते का, हा प्रश्न आमच्याही बाजूने पुरेसा विचारला गेला नाही, असे मला आता प्रामाणिकपणे वाटते. तुमच्या मुलीपुढचा खरा चढ पाचवीत आहे. सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पुढच्या बहुतेक विद्यालयांत इंग्रजी माध्यम एकदम समोर उभे राहते. जी मुले मराठी अर्थासह वाचत पाचवीत जातात ती एक-दोन वर्षांत सावरतात; जी मराठीतच अडखळतात ती दोन्हीकडून सुटतात. म्हणून तिसरीत मराठी वाचन पक्के करून घ्या आणि चौथीच्या वर्षी, ज्या विद्यालयात मुले पुढे जाणार आहेत तिथल्या पाचवीच्या शिक्षकांना भेटून, गणित आणि परिसर अभ्यासातले नेमके इंग्रजी शब्द आधीच शिकवता येतील का, हे बाईंबरोबर ठरवा.

विलीनीकरणाची बातमी खरी असेल तर तिला आंधळा विरोध करू नका, असे मी सुचवते, जरी गावात याबद्दल माझ्यावर राग येईल. दोन किंवा तीन मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचे सोबती मिळत नाहीत, खेळ होत नाही, आणि जवळच्या शाळेत तीन-चार शिक्षक मिळत असतील तर ते मुलांच्या हिताचे असू शकते. चौदा मुलांची शाळा मात्र त्यात बसते असे मला वाटत नाही. केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा चालत जाण्याच्या एक किलोमीटरच्या आत असावी असे आहे, आणि जिथे ती नाही तिथे मोफत वाहन किंवा अन्य सोय करणे सरकारवर येते. सत्तरीत जूनमधल्या पावसात, ओहोळ भरलेला असताना, सहा वर्षांचे मूल तीन किलोमीटर चालणार नाही, आणि आधी मुलीच घरी राहतील. आधी वाहन लेखी मंजूर करा, ते महिनाभर चालवून दाखवा आणि मग कुलपाचा विचार करा, ही अट समितीने घातली तर ती वाजवी आहे.

हे सारे करण्याचे साधन तुमच्या हातात आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो आणि सरकारचे नियोजन व अनुदान त्या आराखड्यावर आधारलेले असावे, असे तिथे लिहिले आहे. बहुतेक शाळांत हा आराखडा कोणीतरी दुसऱ्या शाळेचा पाहून भरून देतो. तुम्ही तो स्वतः लिहा. पहिल्या पानावर चौदा मुलांच्या वाचनाची स्थिती, दुसऱ्यावर दुसऱ्या शिक्षकाची मागणी आणि परिशिष्टातील तरतूद, मग बाई बैठकीला गेल्यावर शाळा बंद राहू नये म्हणून बदली शिक्षकाची व्यवस्था, आणि सर्वांत शेवटी छप्पर, कुंपण, इतर गोष्टी. ‘निपुण भारत’ या मोहिमेत २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकगणित आले पाहिजे, असे केंद्र सरकारने स्वतःच ठरवले आहे. ही मुदत अर्जात जरूर लिहा, म्हणजे तुम्ही जे मागता ते सरकारच्याच उद्दिष्टाची पूर्तता आहे, हे वाचणाऱ्याला दिसेल.

आराखडा वाळपईच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून द्या, एक प्रत पर्वरीला शिक्षण खात्याकडे पाठवा, आणि ग्रामसभेत तो वाचून ठराव मंजूर करून घ्या. तुमच्या वाड्याच्या पंचांना आधी घरी भेटलात तर ग्रामसभेत बोलणे सोपे जाईल. दाद मिळाली नाही तर कलम ३२ नुसार लेखी गाऱ्हाणे मांडता येते, त्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हावा लागतो, आणि त्यानेही समाधान झाले नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तिथपर्यंत जाण्याची वेळ बहुधा येणार नाही. माझ्या अनुभवात, आकड्यांसह आणि सभ्य भाषेत लिहिलेला अर्ज घेऊन दहा आया एकत्र आल्या की कार्यालयातला सूर बदलतो.

एक सांभाळा. अर्जात मुलांची नावे घालू नका. चौदांपैकी किती जण गोष्ट वाचतात, किती परिच्छेदाशी अडतात आणि किती अक्षरांशी, एवढ्या संख्या पुरेत. प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच घ्या. नावांचा मूळ कागद बाईंच्या कपाटात राहू द्या आणि त्याच्या मागच्या बाजूला दिवाळीनंतरची आणि फेब्रुवारीची अशा दोन तारखा आजच लिहून ठेवा, कारण त्या दिवशी तुम्हा दोघींना त्याच मुलांच्या शेजारी, नवी गोष्ट घेऊन पुन्हा बसायचे आहे.